पहिली ओळ कोणी घ्यायची

वेंगुर्ले,
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
रुख्मिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पोचले. देऊळगाव राजाहून जालना, तिथून मुंबई, मग कोकण रेल्वे आणि शेवटी सावंतवाडीहून एसटी. त्या शेवटच्या रस्त्याची वळणं बघून आपला राजूर घाट मला सरळ वाटायला लागला आहे.

फोन करत नाही. ऑपरेशननंतर तुझं फोनवरचं बोलणं म्हणजे पंख्याचा वारा. मला फक्त माझंच ऐकू येतं, आणि बुलढाण्याच्या कोर्टात नक्कल विभागात बसून ते मी वर्षभर ऐकतेच. तेव्हा ठरल्याप्रमाणे कागद. मी लिहून त्याचा फोटो वहिनीच्या मोबाइलवर पाठवते, तुझ्या कागदाचा फोटो तिने पाठवावा.

तर हे तुझं वृंदगान शिबिर. चैत्रात पेपरात जाहिरात पाहून तूच नाव घातलंस, श्रावणात गळ्यानं दगा दिला, आणि जागा वाया जाऊ नये म्हणून भाऊबीजेच्या ओवाळणीत मला समुद्रावर धाडलंस. शिबिर एका जुन्या कौलारू शाळेत आहे. खिडकीतून बंदर दिसतं. गावात डचांच्या वखारीच्या पडक्या भिंती आहेत आणि गावकऱ्यांना त्यांचा फार अभिमान. आपल्याकडच्याही एका गोदामाची हीच अवस्था आहे, पण तिथे कोणी सेल्फी काढत नाही.

गाणारे आम्ही चाळीसेक जण. निवृत्त बँकवाले, इंजिनिअर, आणि ज्यांना डॉक्टरांनी टेन्शन कमी करायला सांगितलंय असे बरेच. माझ्या खोलीत पुण्याची हेमांगी म्हणून दातांची डॉक्टर आहे. माझ्या तोंडून एकदा चुकून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघालं, तर तिला ते फार गोड वाटलं. परत म्हणून दाखवा म्हणाली. मी म्हटलं, तू फुकट दाढ काढून दाखव, मग म्हणते.

इथे बायकांचे दोन गट, पुरुषांचे दोन. चारही गटांनी एकाच वेळी चार वेगळ्या चालींत गायचं. आपल्याकडे असं झालं तर त्याला ग्रामसभा म्हणतात. इथे त्याचं वृंदगान होतं, आणि दादा, टोमणा बाजूला ठेवून सांगते, फार सुंदर होतं. शिकवणाऱ्या गोव्याच्या आहेत, एर्मेलिंडा टीचर. सत्तरी ओलांडलेली, वजनानं आपल्या तंबोऱ्याएवढी बाई. चाळीस आवाजांतून नेमका कोणाचा सूर घसरला ते ओळखते आणि त्याच्याकडे न बघता सांगते, म्हणजे त्याची लाज राहते.

माझी मात्र राहिली नाही. टीचरचा हात खाली आला की सगळे सुरू होतात, आणि सगळे सुरू झाले की मग मी. प्रत्येक वेळी! आता काय करू, लहानपणापासून भजनात तुझ्यामागे झील धरत आले. बुवानं, म्हणजे तू, ओळ घ्यायची, तिचा शेवटचा शब्द सुटला की आम्ही झेलायचा. पहिल्या शब्दाला तोंड उघडायची माझ्या गळ्याला सवयच नाही. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा टीचरनं विचारलं, तुम्ही कोणासाठी थांबता? मी म्हटलं, भावासाठी. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. भाऊ कुठे असतो, म्हणाल्या. मी म्हटलं, देऊळगाव राजाला.

आता मुद्द्याचं. आपल्या पेटीवाल्या महादेवरावांना उत्तर दिलंस का? महिनाभराचा पहाटेचा काकडा पौर्णिमेला संपतो, त्या समाप्तीला जालन्याची गाणारी पार्टी आणायची आणि पुढच्या वर्षापासून पूर्ण काकडाच तिला द्यायचा, असं त्यांच्या मनात आहे. तू हो म्हटलंस की आजोबांनी उभं केलेलं भजनी मंडळ संपलं. म्हणून म्हणते, घाई करू नकोस.

वहिनीस नमस्कार. लोभ ठेव, आणि रागावलास तरी दोन ओळी लिही.

तुझी,
रुख्मिणी


देऊळगाव राजा,
गुरुवार, ३० ऑक्टोबर

चि. सौ. रुख्मिणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडचं वाचून कळलं.

पत्र वाचून हासलो. हासाले आवाज लागत नाही, हे मले ऑपरेशननंतरच समजलं. डॉक्टरनं सांगतलं तसंच आहे, गाठ निघाली, जीव वाचला, कुजबुजता येते, गाणं विसरा. दुकानात आता गिऱ्हाइकाले बियाण्याचा भाव पाटीवर लिहून दाखवतो. लिहिलेल्या भावात लोक घासाघीस करत नाहीत. हे आधी माहीत असतं तर वीस वर्षं कमी बोललो असतो.

महादेवरावांले उत्तर अजून दिलं नाही, पण देणार आहे. का देणार ते ऐक. तू भाऊबीजेले आली तेव्हा तुह्यासमोर कोणी हे काढलं नाही.

कोजागिरीले, काकड्याच्या पहिल्या पहाटे, मंडळ मारुतीच्या देवळात जमलं. मी घरी होतो, मले शकूरभाईनं येऊन सांगतलं. माइक त्यायचाच असतो ना. कारभारीनं टाळ घेतले. महादेवरावांनं पेटी उघडून सूर दिला. माह्या जागेवर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर कोणी बसलं नाही. पेटी वाजून राह्यली, वाजून राह्यली. पहिली ओळ कोणी घेईना. कारभारी पाहे महादेवरावांकडे, महादेवराव पाहे मारुतीकडे, मारुती कोणाकडे पाहीन? बुवाच्या आधी तोंड उघडाचं नाही, हे वळण आजोबानं लावलं. त्यानं हे नाही सांगतलं, का बुवाच नसला तर काय कराचं.

शेवटी शकूरभाईच म्हणे, बाप्पा, तुमच्या देवाले उठवाचं आहे का झोपू द्याचं ते तरी सांगा, मले वायर गुंडाळाची आहे. मग महादेवरावांनं मोबाइलवर कोणाचा तरी काकडा लावला आणि तो माइकसमोर धरला. तेव्हापासून रोज मोबाइल गाते आणि मंडळ टाळ वाजवते.

आता तूच सांग, याच्यापेक्षा जालन्याची पार्टी वाईट आहे का? त्यायच्याजवळ कीबोर्ड आहे, जाकिटं आहेत. महादेवराव वाईट माणूस नाही. मारुतीसमोर मोबाइल धरून त्यायचा हात दुखते. मी हो म्हणून मोकळा होतो. बिनआवाजाचा बुवा ठेवून मंडळानं काय कराचं?

तुह्यी टीचर हुशार दिसते. तिच्याजवळून काही शिकून घे, आमचं सोड.

आशीर्वाद आहेतच. ते काही गळ्यात नव्हते, म्हणून शाबूत आहेत.

तुझा,
दादा

ता. क. रुख्माबाई, मी वहिनी. हे देवळात जात नाहीत हे खरं. पण पहाटे गच्चीवर जाऊन उभे राहतात, देवळाच्या अंगाले. मफलर घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात टाकीत पाणी चढलं का ते पाहाले आलो. टाकी तिकडच्या अंगाले नाहीच. तुम्हीच काहीतरी लिहा.


वेंगुर्ले,
शनिवार, १ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्राच्या एका कोपऱ्यावर वहिनीचा अंगठा आला आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिनं तुझी चहाडी केली आहे. दोन्ही पोचलं.

आज तुला टीचरबद्दल लिहिते. तुला ठाऊक आहे, मी सहजासहजी कोणाचं कौतुक करत नाही. साहेब लोकांच्या निरोप समारंभाला मला भाषण देत नाहीत ते उगाच नाही. पण ही बाई पाहून माझी जीभ जरा भोथरी झाली आहे. रोज सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या स्वतः लावते. चुकलेल्याला रागावत नाही आणि साधलेल्याला डोक्यावर घेत नाही. एक निवृत्त बँक मॅनेजर सगळ्यांच्या वर आवाज काढत होते. तिनं त्यांना सांगितलं, साहेब, शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतकंच मोठ्यानं गा. आता ते गृहस्थ शेजाऱ्याच्या तोंडाशी कान नेऊन गातात, आणि चक्क चांगलं गातात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. टीचर स्वतः गात नाहीत. एक अक्षरसुद्धा नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं, घसा बसला असेल. नंतर कळलं, ही रीतच आहे. जी सगळ्यांकडून गाऊन घेते तिनं तोंड मिटून उभं राहायचं.

काल मी पुन्हा चुकले. टीचर थांबल्या, आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हात खाली सोडलेले. ना इशारा, ना काही. मग त्यांचे खांदे वर गेले, श्वास घेतला फक्त. आणि दादा, आमचे सगळ्यांचे खांदे आपोआप वर गेले आणि चाळीसेक तोंडांतून पहिला शब्द एकदमच बाहेर पडला. त्यात माझंही तोंड होतं. वेळेवर! हेमांगीनं मला कोपरानं ढोसलं तेव्हा मला कळलं की मी कोणाचा शब्द न झेलता गातेय.

मग मी जेवायला बसले तरी डोक्यात तेच. तू ओळ घ्यायचास, त्याच्या आधी तुझे खांदे वर जायचे. कारभारी टाळ उचलायचा तो ओळ ऐकून नाही, खांदे बघून. आम्ही बायका पदर सावरायचो तो तेव्हाच. शब्द आम्ही नंतर झेलत होतो, पण तुझा श्वास सगळ्यांनी आधीच झेललेला असायचा. आणि तो काही डॉक्टरांनी काढून घेतला नाही. बरणीत गाठ होती, मी स्वतः पाहिली आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं. पौर्णिमेला पहाटे जाऊन आपल्या घोंगडीवर बस. महादेवराव सूर देतील. तू श्वास घे. ओळ मंडळ घेईल.

लोभ ठेवायचा नसेल तर लगेच कळव, म्हणजे मला भांडणाची तयारी करता येईल.

तुझी,
रुख्मिणी


देऊळगाव राजा,
रविवार, २ नोव्हेंबर

चि. सौ. रुख्मिणीस,
आशीर्वाद.

भांडणाची तयारी कर.

तुह्या टीचरचं कौतुक वाचलं. मोठी बाई आहे. पण ती न गाता उभी राह्यते, कारण तिनं तसं ठरवलं. मी न गाता बसीन, कारण मले गाता येत नाही. याच्यातला फरक तुले दिसत नाही, पण गावाले दिसीन. ज्याच्या आवाजानं गल्लीतल्या म्हशी उठत होत्या, त्यानं आता चारचौघांत बसून नुसता दम घ्याचा? लोक म्हणतीन, बुवाले दमा झाला. कोणी इन्हेलर आणून देईन.

माह्यी कीव करू नको. कीव कराले इथं माणसं कमी नाहीत. रोज दुकानात येऊन गळ्याकडं पाहून जातात आणि बियाणं दुसऱ्याच्या दुकानातून घेतात.

आज संध्याकाळी महादेवराव उत्तर घ्याले येणार आहेत. पाटीवर लिहून ठेवलं आहे, का जालन्याची पार्टी बोलवा, माह्यी ना नाही. विषय संपला.

आशीर्वाद. राग वेगळा धरावा.

दादा

ता. क. रुख्माबाई, पत्राचा फोटो धाडाचाच राहिला होता, तेवढ्यात महादेवराव येऊन गेले. ह्यायनं पाटी पुढं केली. महादेवराव चष्मा घरी विसरले होते. मले म्हणे, वहिनी, वाचा. मी वाचलं, का विचार सुरू आहे, मंगळवारपर्यंत सांगतो, तोपर्यंत पार्टी ठरवू नका. हे मागून दोन्ही हात हालवून राहिले, पण आवाज कुठून आणतीन? महादेवराव म्हणे, बुवा किती तळमळीनं हो म्हणून राह्यले. चहा घेऊन गेले. आता हे माह्याशी बोलत नाहीत. तसे आधीही बोलत नव्हते, पण आताचं वेगळं ओळखू येते.


वेंगुर्ले,
सोमवार, ३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

वहिनीनं पाटी वाचली ते मी हेमांगीला सांगितलं. ती हसता हसता पलंगावरून पडली. तिचं म्हणणं, या बाईचा सत्कार करा. मी म्हटलं, आमच्या घरात तीस वर्षं वहिनीनं फक्त प्रसाद केला असं आम्ही समजत होतो. ती तेवढ्यात प्रत्येकाला ओळखून ठेवत होती.

तू लिहिलंस, फरक मला दिसत नाही. दिसला, म्हणून मी टीचरकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या तुझ्यासाठी चार धीराचे शब्द देतील, मी ते गोड करून तुला पाठवीन. त्यांनी धीर दिलाच नाही. उलट म्हणाल्या, भावाला सांग, फार भीती वाटते. आपण श्वास घेतो आणि पहिला शब्द येईपर्यंत मध्ये जी पोकळी असते, तिच्यात त्यांना आजही भीती वाटते. गाणाऱ्याचं बरं असतं, कोणी साथ दिली नाही तरी त्याचा स्वतःचा आवाज असतो. इथे तोही नाही. समोरच्यांनी दिलं तरच. त्यांनी शब्द वापरला तो असा, की त्या क्षणी मी हात पसरून उभी असते. एवढी मानाची बाई, दादा, आणि हे सांगताना तिला काही कमीपणा वाटला नाही.

तेव्हा दम्याचं नाव सांगू नकोस. तुला भीती आहे ती, तू श्वास घेशील आणि समोरून कोणी गाणारच नाही, याची. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कोजागिरीला त्यांची तोंडं मिटलेलीच राहिली होती. पण ते तुझ्या आवाजासाठी अडून बसले होते की तुझ्यासाठी, हे तुलाही ठाऊक नाही आणि त्यांनाही नाही. गच्चीवरून ते कळणार नाही.

टीचरचा निरोप एवढाच: हात मांडीवर ठेवा, हालवू नका. लोक चेहऱ्याकडे बघतात.

आमचा कार्यक्रम सहा तारखेला आहे, गावातल्या लोकांसमोर. कोळिणींच्या बाजाराचं एक गाणं आहे, त्यात पहिला शब्द आम्हा खालच्या आवाजाच्या बायकांचा. मला धडकी भरली आहे.

दरवेळी लोभ मागते. यावेळी मागत नाही. यावेळी फक्त मफलर घे.

तुझी,
रुख्मिणी


देऊळगाव राजा,
बुधवार, ५ नोव्हेंबर
कार्तिकी पौर्णिमा

चि. सौ. रुख्मिणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

गेलो.

मंगळवारी महादेवरावांले मी काहीच उत्तर दिलं नाही. त्यामुळे पार्टी ठरली नाही. आज पहाटे ते मोबाइल चार्ज करून देवळात आले होते. मी आत शिरलो तं सगळे उठून उभे राह्यले, जसं कोणी मेलेला माणूस आला. कारभारीनं घोंगडी झटकली. मी बसलो. हात मांडीवर ठेवले. महादेवरावांनं माह्याकडं पाहिलं, मोबाइल खिशात टाकला, आणि सूर दिला.

मी श्वास घेतला.

काही नाही. सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यलेले. कारभारीले वाटलं मले खोकला येऊन राह्यला, त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. रुख्मे, तुह्या टीचरनं सांगतलं ते खोटं नाही. त्या वेळात माणूस इतका लहान होते, का उठून घरी जावं वाटलं. पण उठाचं तं सगळ्यांच्या मधून जावं लागते.

तांब्या बाजूले ठेवला. कारभारीच्या डोळ्यात डोळे घातले आणि पुन्हा श्वास घेतला, हळू, खांद्यापासून. त्याचे खांदे वर गेले. मग त्याच्या बाजूच्याचे. आणि मग पहिली ओळ सगळ्यांच्या तोंडून एकदमच पडली, भिंत पडावी तशी. कोणी झेलली नाही, कोणी धरली नाही. सगळ्यायचीच. मी इतकी वर्षं ती ओळ समोरून कधी ऐकलीच नव्हती. मी नेहमी तिच्या आत होतो. फार चांगली ओळ आहे.

आता पुढची फजिती ऐक. झीलकऱ्याची सवय काय? बुवा दुसरी ओळ देत नाही, तोपर्यंत पहिलीच म्हणत राह्याची. बुवा काही देईना. मंडळ पहिल्याच ओळीवर फिरून राह्यलं, घाण्याच्या बैलावानी. पुन्हा तीच, पुन्हा तीच. मले घाम फुटला. बायकायच्या अंगाले पाहिलं तं तुह्यी वहिनी प्रसादाचं पातेलं धरून समोरच बसली होती. म्हटलं, पाटी वाचणारी बाई आहे, हेही वाचीन. तिच्याकडं पाहून श्वास घेतला. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि दुसरी ओळ घेतली. मोठ्यानं. सूर कुठला होता ते विचारू नको, पण बाकीच्या बायकायनं तो सांभाळून घेतला. मग तिसरी पुरुषायले दिली, चौथी बायकायले. नंतर नंतर मले मजा येऊ लागली. एकदा दोघायलेही एकदमच दिली.

उजाडेपर्यंत गल्ली देवळात आली. शकूरभाईनं माइक माह्यासमोरून काढून मधोमध ठेवला, मले विचारलंही नाही. महादेवराव म्हणे, बुवा, इतक्या जणायले पुरन असा सूर या पेटीत नाही, पुढच्या वर्षाच्या आत दुरुस्त करून घेतो. जालन्याचं नाव त्यायनं काढलं नाही, मीही नाही.

तुह्या वहिनीवरचा राग गेला. आता तीच बोलते. लय बोलते. मले मधात टोकता येत नाही.

पण एक घोटाळा झाला. शेवटचा अभंग संपेच ना. मी हात वर केला, तं त्यायले वाटलं अजून मोठ्यानं. मी डोळे मिटले, तं त्यायले वाटलं बुवाची समाधी लागली, मग तं ते पेटलेच. शकूरभाईनं माइक बंद केला तरी सुरूच. शेवटी कोणीतरी प्रसादाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं तेव्हा आवाज कमी झाला.

उद्या तुमचा कार्यक्रम आहे, चांगला होईन. तुमच्या टीचरले माह्या नमस्कार सांग, आणि निघायच्या आधी तिले एवढं विचारून ये, का एकदा सुरू झालेलं मंडळ थांबवाचं कसं. घाई नाही. पुढच्या कोजागिरीपर्यंत सांगतलं तरी चालीन.

तुझा,
दादा